फोल्डरला ७७७ मारण्याआधी: वेब सर्व्हरवरचा ग्रुप आणि परवानग्या, पहिल्यापासून

शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र. बेळगावची ही मिरवणूक पहाटेपर्यंत चालते हे इकडच्यांना सांगायला नको. गल्लीतल्या एका मंडळाची वेबसाइट मीच करून दिलेली, आणि पोरं रस्त्यावरून काढलेले फोटो लगेच साइटवर टाकणार होती. रात्री अडीच वाजता मी मारुती गल्लीच्या गर्दीत उभा असताना फोन आला.

"दादा, फोटो चढंनात की. लाल अक्षरात काय तर येतंय. लॅपटॉप माझ्याकडं आहे, खरं काय करायचं कळंना."

ढोल-ताशात मला अर्धंच ऐकू येत होतं. मी ओरडून सांगितलं, "फोटोच्या फोल्डरला सातशे सत्त्याहत्तर मार आणि सोड!" ७७७ म्हणजे त्या फोल्डरमध्ये सगळ्यांना सगळं करायची मुभा. त्यानं मारलं, फोटो चढले, मीही विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी त्या फोल्डरमध्ये फोटोंच्या गर्दीत एक पीएचपी फाइल सापडली. ती आमची नव्हती. तिचा मालक पाहिला तर त्याच सर्व्हरवर मी ठेवलेल्या दुसऱ्या एका दुकानाच्या साइटचा यूजर. त्या साइटवरचं एक जुनं प्लगइन मी अपडेट केलं नव्हतं. चोर तिथून आत शिरला आणि शेजारच्या घराला कडी नाही म्हणून इकडंही येऊन गेला. मंडळाच्या पोरांचा यात काडीचा दोष नाही, कडी मीच काढायला सांगितली होती.

आकडे पाठ करून हे जमत नाही. आधी कोण कोणाच्या नावानं काम करतंय ते पाहायचं, मग ग्रुप लावायचा, आणि परवानगी सगळ्यांत शेवटी. हा लेख त्याच क्रमानं जातो. नुकतंच बीसीए किंवा डिप्लोमा करून एखाद्या सोसायटीची, वाचनालयाची, मंडळाची साइट अंगावर घेतलेल्यांसाठी तो लिहिला आहे. उदाहरणं उबुंटू आणि पीएचपीची आहेत, कारण आपल्याकडच्या छोट्या कामांत बहुतेक तेच असतं.

लिहिण्याबद्दल एक सांगतो. कमांडची नावं आपण तोंडानं म्हणतो तशी देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. मोठं अक्षर लागतं तिथं तसं म्हटलं आहे. आकडेही इंग्रजीच टाइप करायचे.

पायरी १: स्क्रिप्ट कोणाच्या नावानं चालते?

नव्या माणसाची पहिली चूक इथंच होते. तो सर्व्हरवर स्वतःच्या यूजरनं लॉगिन करतो, हातानं फाइल बनवून बघतो, ती बनते. मग म्हणतो, "परवानगी तर आहे, मग स्क्रिप्टलाच का नाही?" कारण स्क्रिप्ट तुमच्या नावानं चालतच नाही. उताऱ्यावर मालक एक आणि शेत कसणारा दुसरा, असा हा प्रकार आहे.

उबुंटू आणि डेबियनवर वेब सर्व्हर आणि पीएचपी हे दोन्ही सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या यूजरनं चालतात. रेड हॅटच्या घराण्यातल्या मशीनवर तो यूजर 'अपाचे' असतो. तिथं एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला तर तो स्वतः 'एन्जिनएक्स' नावानं चालतो, पण पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी वेगळी सर्व्हिस) मूळ सेटिंगमध्ये 'अपाचे' नावानंच राहतं. म्हणजे साधा फोटो दाखवणारा वेगळा आणि स्क्रिप्ट चालवणारा वेगळा. 'फोटो दिसतो पण चढत नाही' किंवा 'चढतो पण दिसत नाही' अशा तक्रारींमागं कित्येकदा एवढंच असतं.

अंदाजावर राहू नका. एक छोटी पीएचपी फाइल करा. तिच्यात 'पॉझिक्स_गेटईयूआयडी' या फंक्शनचा आकडा 'पॉझिक्स_गेटपीडब्ल्यूयूआयडी' ला द्या आणि मिळालेलं नाव छापा. ती ब्राउझरमधून उघडा. टर्मिनलमधून चालवली तर तुमचंच नाव येईल, आणि एक तास फुकट जाईल. नाव कळलं की ती फाइल लगेच पुसून टाका. एफपीएम असेल तर त्याच्या पूल फाइलमध्येही (म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'यूजर' आणि 'ग्रुप' अशा दोन ओळी असतात, त्याही पाहून घ्या.

स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेतलं असेल तर बहुधा तुमचं पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावानं चालतं. मग मालक आणि कसणारा एकच. फाइलला ६४४, फोल्डरला ७५५ एवढं पुरतं, ग्रुपच्या भानगडीत पडायचं कारण नाही. उलट अशा काही ठिकाणी अपाचेचं 'सूएक्झेक' बसवलेलं असतं. स्क्रिप्टवर किंवा तिच्या फोल्डरवर मालकाशिवाय दुसऱ्या कोणालाही लिहायची मुभा दिसली की ते स्क्रिप्ट चालवायलाच नकार देतं. ७७५ केलं आणि साइटवर ५०० चा एरर आला, तर आधी ते परत ७५५ करून पाहा. पुढचं सगळं ज्यांच्याकडं स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) आहे त्यांच्यासाठी.

पायरी २: एलएस -एल ची ओळ वाचायला शिका

१९५६ पासून आमच्याकडं 'गाव कुणाचं' याचा निकाल लागलेला नाही. सर्व्हरवर मात्र 'फाइल कुणाची' याचं उत्तर एका कमांडीत मिळतं. 'एलएस -एल' मारा. फोल्डरचीच ओळ हवी असेल तर 'एलएस -एलडी'. अशी काहीतरी ओळ येईल:

डी  आरडब्ल्यूएक्स  आर-एक्स  आर-एक्स   संपादक   संपादक   फोटो

सुरुवातीचा 'डी' म्हणजे हा फोल्डर आहे. पुढं तीन-तीन अक्षरांचे तीन गट आहेत: पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. मग मालकाचं नाव आणि त्यानंतर ग्रुपचं नाव. इथं दोन्ही 'संपादक' आहेत. संपादक हा मंडळातल्या पोरांना फाइली चढवायला दिलेला लॉगिन समजा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. बेरीज केली की वरच्या ओळीचे होतात ७५५.

आता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा इथं आला तर? तो मालक नाही, संपादक ग्रुपमध्येही नाही. म्हणून 'बाकी सगळे' मध्ये पडतो आणि त्याच्या वाट्याला ५ येतात: बघा, आत या, पण ठेवू नका. फोटो न चढण्याचं कारण एवढंच होतं. त्या रात्री मी शेवटचा आकडा ७ करायला लावला तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला वाट मिळाली हे खरं, पण मशीनवरच्या प्रत्येक यूजरलाही मिळाली.

एक गोष्ट पुष्कळ जुन्या लोकांनाही ठाऊक नसते. हे तीन गट एकमेकांत मिळवले जात नाहीत. सिस्टीम आधी विचारते, तू मालक आहेस का? असलास तर फक्त पहिला गट, संपलं. नसलास तर, ग्रुपमध्ये आहेस का? असलास तर फक्त दुसरा. म्हणून ६०४ ची फाइल ग्रुपमधल्या माणसाला वाचता येत नाही आणि परक्याला येते. ग्रुपमध्ये घातल्यावर उलट अडचण वाढली असं कधी झालं, तर हे आठवा.

फोल्डरच्या बाबतीत या तीन अक्षरांचे अर्थ जरा बदलतात. जुन्या वाड्याचं उदाहरण घ्या. 'एक्स' म्हणजे उंबरा ओलांडायची परवानगी. 'आर' म्हणजे आत काय काय मांडलंय ते पाहायची. 'डब्ल्यू' म्हणजे सामान आणून ठेवायची आणि उचलून न्यायचीही. फाइल पुसता येते की नाही हे त्या फाइलच्या परवानगीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या 'डब्ल्यू' वर ठरतं. फाइलला ४४४ करून ती सुरक्षित झाली असं समजणारे मी पाहिले आहेत.

आणि उंबरे एकापाठोपाठ एक असतात. फोटोचा फोल्डर व्यवस्थित असूनही त्याच्या वरच्या एखाद्या फोल्डरला 'एक्स' नसेल तर आत जाता येत नाही. उबुंटूनं २१.०४ या आवृत्तीपासून नव्या यूजरचा होम फोल्डर ७५० करायला सुरुवात केली. त्याआधी तो ७५५ असायचा. त्यामुळं जुना लेख वाचून होममध्ये साइट ठेवणाऱ्याला आज सरळ ४०३ चा, म्हणजे 'प्रवेश नाही' चा, एरर दिसतो. अशा वेळी 'नेमआय -एल' आणि पुढं पूर्ण पाथ द्या. मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक उंबऱ्याची परवानगी एकाखाली एक छापून येते. मला ही कमांड फार उशिरा कळली. साइट होममध्ये न ठेवता 'व्हार' मधल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' खाली ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

पायरी ३: ग्रुप तयार करा, माणसं घाला

आपल्याला हवंय काय? संपादकाला फोटो फोल्डरमध्ये लिहिता यावं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटालाही यावं, आणि तिसऱ्या कोणाला येऊ नये. दोघांचा एक ग्रुप करायचा. त्याचं नाव 'मंडळ' ठेवू. कमांडीआधीचं 'सुडो' म्हणजे ती रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी यूजरच्या, अधिकारानं चालवणं.

सुडो ग्रुपॲड मंडळ
सुडो यूजरमॉड -एजी मंडळ संपादक
सुडो यूजरमॉड -एजी मंडळ डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा

यातला 'ए' लहान आणि 'जी' मोठा. तो लहान 'ए' जिवापाड जपा. त्याचा अर्थ 'आहे त्यात भर घाल'. तो विसरला तर यूजर आधीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतो आणि फक्त नव्यात राहतो. मी एकदा स्वतःच्याच लॉगिनवर हे केलं. 'सुडो' ग्रुपमधूनही बाहेर पडलो. चूक सुधारायला सुडो लागतं आणि तेच हातचं गेलेलं. शेवटी होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमधल्या कन्सोलवरून रूट होऊन आत शिरलो.

ग्रुपमध्ये घातलं म्हणजे लगेच लागू होतं असंही नाही. आधीच चालू असलेल्या प्रोसेसला नवा ग्रुप कळत नाही. संपादकानं लॉगआउट करून पुन्हा आत यायचं, आणि पीएचपी-एफपीएम रीस्टार्ट करायचं. अपाचेतच पीएचपी बसवलेलं असेल तर अपाचे रीस्टार्ट करायचं. 'आयडी संपादक' आणि 'आयडी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' मारून ग्रुपच्या यादीत 'मंडळ' दिसतोय का पाहा. यादीत दिसत असूनही स्क्रिप्ट अडत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा रीस्टार्ट राहिलेला असतो. हा आकडा आपला माझ्या अनुभवाचा.

पायरी ४: फोल्डर ग्रुपच्या ताब्यात द्या, सगळी साइट नव्हे

सुडो सीएचजीआरपी -आर मंडळ फोटो

'आर' मोठा. त्यामुळं आतल्या सगळ्या फाइलींचा ग्रुप बदलतो. मालक तोच राहतो, आणि तेच हवं आहे. पुष्कळ ठिकाणी मालक बदलणारी 'सीएचओन' कमांड मारून अख्खी साइटच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर करा असं सांगितलेलं आढळेल. करू नका. मग साइटच्या एखाद्या भोकातून आत आलेल्याला साइटचा कोडच बदलता येतो. कोडचा मालक तुम्ही, परवानगी ६४४ आणि ७५५, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटानं तो फक्त वाचायचा. लिहायची मुभा फक्त फोटो, कॅश, लॉग अशा मोजक्या फोल्डरांना.

डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल मात्र ६४० करा आणि तिचा ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ठेवा. म्हणजे स्क्रिप्ट वाचेल आणि वेगळ्या यूजरनं चालणारी शेजारची साइट वाचू शकणार नाही.

आता फोटो फोल्डरच्या परवानग्या. परवानगी बदलणाऱ्या 'सीएचमॉड' कमांडीला मोठा 'आर' आणि ७७५ एकदम दिले की प्रत्येक जेपीजी फाइलसुद्धा 'चालवता येणारी' होते. फोल्डर आणि फाइली वेगवेगळ्या हाताळायच्या:

सुडो फाइंड फोटो -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७५ {} +
सुडो फाइंड फोटो -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६६४ {} +

सगळी किमया त्या २७७५ मधल्या पहिल्या २ मध्ये आहे. याला सेटजीआयडी म्हणतात. फोल्डरवर तो लावला की आत जी नवी फाइल तयार होईल तिचा ग्रुप बनवणाऱ्याचा न राहता फोल्डरचा होतो. आत नवा फोल्डर केला तर त्यालाही हा २ आपोआप लागतो. हा २ नसेल तर आज सीएचजीआरपी करून सगळं नीट बसेल आणि उद्या संपादकानं चढवलेली फाइल पुन्हा 'संपादक' ग्रुपची येईल. मग रोज रात्री आपोआप सीएचजीआरपी चालवणारा क्रॉन लावायची पाळी येते. तसेही मी पाहिले आहेत, आणि त्यातला एक मीच लावलेला होता.

'एलएस -एलडी' मध्ये आता ग्रुपच्या 'एक्स' च्या जागी लहान 'एस' दिसेल. मोठा 'एस' दिसला तर सेटजीआयडी आहे पण खालचा 'एक्स' नाही. तसं झालं असेल तर आकडा पुन्हा द्या.

पायरी ५: यूमास्क

ग्रुप आपोआप बरोबर यायला लागला, तरी ग्रुपला लिहायची परवानगी आपोआप येत नाही. ती यूमास्क ठरवतो. नवी फाइल बहुधा ६६६ मागते, फोल्डर ७७७ मागतो, आणि यूमास्क त्यातले काही बिट झाकतो. ०२२ असेल तर फाइल ६४४ आणि फोल्डर ७५५. फक्त बाकीच्यांचा लिहायचा बिट झाकणारा ००२ असेल तर ६६४ आणि ७७५. आपल्याला दुसरा हवा.

एसएफटीपीसाठी (संपादक ज्यानं फाइली चढवतो ते) एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये 'सबसिस्टिम एसएफटीपी' ची ओळ असते. तिथं 'इंटर्नल-एसएफटीपी -यू ०००२' करा आणि एसएसएच रीस्टार्ट करा. पीएचपी-एफपीएमसाठी 'सिस्टिमसीटीएल एडिट' नं त्या सर्व्हिसच्या भागात 'यूमास्क=०००२' ही ओळ घाला. यात यू आणि एम मोठे. मग रीस्टार्ट. पीएचपीत 'यूमास्क' नावाचं फंक्शनही आहे, पण ते अख्ख्या प्रोसेसचा यूमास्क बदलतं. अनेक थ्रेडनी चालणाऱ्या सर्व्हरवर एका विनंतीतला बदल दुसरीला बाधतो. फाइल झाल्यावर तिला सीएचमॉड करणं त्यापेक्षा बरं.

पायरी ६: स्क्रिप्टमध्ये काय लिहायचं

इथपर्यंत नीट केलं तर स्क्रिप्टमध्ये फारसं काही लिहावं लागायला नको, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. सगळं लावून, एसएफटीपीनं फाइल टाकून पाहिली: ग्रुप मंडळ, ६६४, झकास. मग साइटच्या फॉर्ममधून एक फोटो चढवला आणि ओळ आली: मालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, ग्रुपही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. फोल्डरवर 'एस' असताना!

कारण असं. फॉर्ममधून आलेला फोटो पीएचपी आधी 'टीएमपी' फोल्डरमध्ये उतरवतं. तिथं तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या ग्रुपमध्ये जन्मतो. मग 'मूव्ह_अपलोडेड_फाइल' त्याला फोटो फोल्डरमध्ये नेतं. टीएमपी आणि फोटो एकाच फाइल सिस्टिमवर असतील तर हे नेणं म्हणजे नुसतं नाव बदलणं असतं. नवी फाइल तयारच होत नाही. सेटजीआयडी फक्त नव्या जन्माला लागतो, बिऱ्हाड बदलून आलेल्याला नाही. टीएमपी वेगळ्या फाइल सिस्टिमवर असेल तर मात्र पीएचपीला फाइल कॉपी करावी लागते, कॉपी म्हणजे नवा जन्म, आणि मग ग्रुप बरोबर येतो. म्हणूनच एकाच्या लॅपटॉपवर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्याच्या सर्व्हरवर वेगळी वागते आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवत बसतात. टर्मिनलमध्येही तसंच: 'सीपी' नं आणलेल्या फाइलला फोल्डरचा ग्रुप लागतो, त्याच फाइल सिस्टिमवर 'एमव्ही' नं आणलेली आपला जुना ग्रुप घेऊन येते.

तेव्हा मूव्ह_अपलोडेड_फाइल यशस्वी झाल्यावर लगेच दोन ओळी: पीएचपीचं 'सीएचजीआरपी' फंक्शन, त्याला फाइलचा पाथ आणि 'मंडळ' हे नाव, आणि मग 'सीएचमॉड' फंक्शन, त्याला पाथ आणि ०६६४.

सीएचजीआरपीचा नियम साधा आहे. रूट कोणत्याही फाइलला कोणताही ग्रुप देऊ शकतो. बाकी कोणीही फक्त स्वतःच्या मालकीच्या फाइलला, आणि तोही आपण ज्या ग्रुपचे सदस्य आहोत तोच ग्रुप देऊ शकतो. इथं फोटोचा मालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आहे आणि तो मंडळ ग्रुपचा सदस्य आहे, म्हणून जमतं. पण मालक बदलणं, म्हणजे सीएचओन, लिनक्सवर रूटशिवाय होत नाही. स्क्रिप्टमधून फोटो 'संपादक' च्या नावावर करण्याचा नाद सोडा. ग्रुप आहे तो त्याचसाठी.

सीएचमॉडला आकडा देताना सुरुवातीचं शून्य विसरू नका. पीएचपीत शून्यानं सुरू होणारा आकडा अष्टमान धरला जातो, नसेल तर दशमान. कोणी नुसतं ७५५ लिहिलं तर दशमान ७५५ चं अष्टमान होतं १३६३. त्याचा अर्थ लावून पाहा. मालकाला ३, म्हणजे लिहिता येतं पण वाचता येत नाही. ग्रुपला ६. बाकी सगळ्यांना ३, म्हणजे परका लिहू शकतो. वर पहिल्या १ चा एक स्टिकी बिट फुकट. एरर काही येत नाही, फंक्शन 'ट्रू' देतं, आणि आपण डोकं खाजवत बसतो. आकडा कोटमध्ये घातला तरी तीच गत.

वर्षावार फोल्डर स्क्रिप्टच बनवत असेल तर आणखी दोन खाचा आहेत. 'एमकेडीआयआर' ला ०७७५ दिलं तरी यूमास्क ०२२ असेल तर ७५५ च होतं. आणि त्यावर उपाय म्हणून नंतर सीएचमॉड ०७७५ केलं की आईबापाकडून वारशानं आलेला सेटजीआयडी जातो. टर्मिनलमधली सीएचमॉड कमांड फोल्डरवरचा तो बिट मेहरबानीनं राखते, पीएचपीचं फंक्शन राखत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये ०२७७५ असं पूर्ण लिहा.

फंक्शनपुढं '@' लावून एरर गप्प करू नका. ट्रू आलं की फॉल्स ते तपासा आणि फॉल्स आलं तर लॉगमध्ये लिहा. एकाच स्क्रिप्टमध्ये परवानगी बदलून लगेच 'फाइलपर्म्स' नं वाचायची असेल तर मध्ये 'क्लिअरस्टॅटकॅश' मारा, कारण पीएचपी जुनं उत्तर लक्षात ठेवतं.

एसक्यूलाइट वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: डेटाबेसच्या फाइलला लिहायची परवानगी देऊन भागत नाही. एसक्यूलाइट शेजारी जर्नलची तात्पुरती फाइल बनवतं, त्यामुळं फोल्डरलाही ती लागते.

पायरी ७: त्याच्या नावानं स्वतः करून पाहा

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा टच फोटो/चाचणी

आपण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा होऊन फाइल बनवून पाहिली. बनली, ग्रुप 'मंडळ' आला, तर फोल्डर ठीक आहे आणि दोष स्क्रिप्टमध्ये शोधायचा. नाही बनली तर स्क्रिप्टला हातही लावू नका. मग संपादकाच्या लॉगिननं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाची फाइल आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावानं संपादकाची फाइल बदलून पाहा. दोन्ही बाजूंनी जमलं पाहिजे.

एररची भाषाही नीट वाचा. 'परमिशन डिनाइड' म्हणजे वाटेत कुठंतरी आकडा आडवा आलाय, नेमआयकडं जा. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' सीएचजीआरपी किंवा सीएचमॉडला आलं तर बहुधा मालकीचा प्रश्न: फाइल तुमची नाही, किंवा त्या ग्रुपचे तुम्ही सदस्य नाही. परवानग्यांच्या शेवटी '+' दिसला तर कोणीतरी एसीएल (या तीन गटांपलीकडच्या जादा परवानग्यांची यादी) लावून ठेवलेला आहे, तो 'गेटएफएसीएल' नं दिसतो. आणि मशीन रेड हॅटच्या घराण्यातलं असेल तर आकडे सगळे बरोबर असूनही एसई-लिनक्स (आकड्यांच्या वरचा सुरक्षेचा वेगळा पहारा) अडवतं. फोल्डरला 'एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी' हा प्रकार लावावा लागतो. त्याऐवजी एसई-लिनक्सच बंद करणं म्हणजे पुन्हा ७७७ च.

आता आमच्याकडं राहिलेलं काम. फोटो फोल्डरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला लिहिता येतंच, मग फॉर्ममधूनच कोणी पीएचपी फाइल फोटो म्हणून चढवली तर? ते ग्रुपनं थांबत नाही. एन्जिनएक्समध्ये त्या पाथखालच्या पीएचपी फाइली नाकारणारा लोकेशन ब्लॉक घाला आणि तो पीएचपी चालवणाऱ्या ब्लॉकच्या आधी ठेवा. अपाचेत 'फाइल्समॅच' आणि 'रिक्वायर ऑल डिनाइड'. आणि एका सर्व्हरवर दोन साइट असतील तर दोघींना एफपीएमचे वेगळे पूल आणि वेगळे यूजर द्या. आमच्या दुकानाच्या साइटला वेगळा यूजर होता, म्हणून तर त्या आगंतुक फाइलीचं बिंग फुटलं.

सर्व्हर बदलण्याची वेळ आली तर आधी नव्या मशीनवर 'मंडळ' ग्रुप आणि 'संपादक' यूजर तयार करा आणि मगच रूट होऊन 'आरसिंक -ए' नं फाइली न्या. डिस्कवर ग्रुपचं नाव लिहिलेलं नसतं, आकडा असतो. आरसिंक नावावरून जुळवतं खरं, पण समोर ते नावच नसेल तर जुना आकडा तसाच बसवतं. मग एलएसमध्ये नावाच्या जागी १००३ असं काहीतरी दिसतं, आणि पुढं त्या मशीनवर जो नवा ग्रुप तो आकडा घेईल, मंडळाचे फोटो त्याचे होतात.